दाजींचा तेलाचा डबा

मी सगळ्यात जास्त ऋणी कुणाचा असेन, तर माझ्या दाजींचा. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, आक्काचे मालक. माझे आई-वडील मेंढरांमागं फिरणारे. दिवाळी झाली की कळप घेऊन निघायचे, ते पावसाच्या तोंडावर परतायचे. अशा घरातल्या पोराची शाळा व्हायची कुठं? म्हणून पाचवीला मला लोहाऱ्याजवळ दाजींच्या गावी आणून सोडलं. "चार दिवस ठिवून घ्या," असं वडील म्हणाले होते. मी पदवी घेऊन, बी.एड. करून कळंबच्या एका शाळेत लागेपर्यंत तिथंच राहिलो.

दाजी तेव्हा लोहारा-उमरगा अशी जीप चालवायचे. मी उमरग्याला कॉलेजात जायचो. पुढच्या सीटवर, गिअरच्या बाजूला पाय आखडून बसायची माझी जागा ठरलेली. जीप कितीही भरली, टपावर माणसं चढली, तरी ती जागा दाजींनी कुणाला दिली नाही. कुणी कुरकुर केली की म्हणायचे, "ती कॉलेजची शीट हाय. बसायचं आसंल तर आदी बारावी पास हून या." आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिला, आणि चढवलं ते त्या सीटनं.

मी शिक्षक झालो त्या दिवसापासून दाजी मला "गुरुजी" आणि "तुमी" म्हणायला लागले. मला अवघडल्यासारखं व्हायचं. पण त्यांना राग आला किंवा भीती वाटली की जुनं "तू" आपोआप यायचं.

पळायला लागलो तो भरतीसाठी. आमच्याकडं बारावी झालेलं पोरगं पहाटे डांबरी रस्त्याला पळताना दिसलं की कुणी विचारत नाही, भरतीच असणार. मी पोलीस भरतीला दोनदा गेलो. पळण्यात पुढं आणि छातीच्या मापात मागं, असं दोन्ही वेळा झालं. पुढं भरतीचं वय गेलं, पळणं मात्र राहिलं. कळंबच्या रस्त्यावर चहावाला विचारायचा, "गुरुजी, आता कुठली भरती?" वडिलांना तर ते कधीच पटलं नाही. "मागं लांडगा न्हाय, फुडं मेंढरू न्हाय, मग पळतूस कशाला?" पळताना मला कुणाच्या मापात बसावं लागत नाही, एवढंच सांगता येईल.

सोलापूरला एकवीस किलोमीटरची शर्यत पुरी केली, तेव्हा आक्कानं ते पदक देव्हाऱ्यात अन्नपूर्णेच्या शेजारी अडकवलं. मग डोक्यात बेचाळीस आलं. पुण्यातल्या जानेवारीच्या मॅरेथॉनला नाव घातलं. दर रविवारी पहाटे कळंबहून येडशीच्या दिशेनं पळायचं, वाटेतल्या रेल्वे स्टेशनबाहेर चहा प्यायचा आणि एसटीनं परत यायचं. त्या उन्हाळ्यात आणि पावसाळ्यात अंगात काहीतरी भरत चाललं होतं. चढ लागला की पावलं आपोआप आखूड पडायची, श्वास लागायचा नाही. सप्टेंबरात मी इतका तयार होतो, की आपल्याला काही होऊ शकतं हे डोक्यातूनच गेलं होतं.

आणि मग ज्योत आली.

आमच्या भागात नवरात्राच्या तोंडावर गावोगावची पोरं तुळजापूरला जातात. देवीच्या दारात मशाल पेटवायची आणि ती पळत गावाला आणायची. अनवाणी. वाटेत ज्योत विझू द्यायची नाही, जमिनीला टेकवायची नाही. मागं टेम्पोत बाकीची पोरं आणि गाणी. एक दमला की दुसरा खाली उतरतो, त्याच्या बाजूनं पळतो आणि पळता पळताच ज्योत हातात घेतो. कुणी एक किलोमीटर पळतो, कुणी दोन. दाजींचं काम कित्येक वर्षांपासून ठरलेलं आहे. ते मोटरसायकलवर ज्योतीच्या सोबत असतात, मांडीवर तेलाचा डबा. ज्योत मंदावली की गाडी बाजूला लावून पळीनं तेल घालतात. डबा दुसऱ्या कुणाच्या हाती द्यायचा त्यांना भरवसा नाही. त्यामुळं इतकी वर्षं ज्योतीबरोबर येऊन त्यांनी स्वतः ती एकदाही हातात धरलेली नाही.

त्या वर्षी आमची ज्योत पहाटे निघाली. नळदुर्ग मागं पडल्यावर ती माझ्या हातात आली, आणि मी ती सोडलीच नाही.

खरं तर सगळं मला चेव आणणारंच होतं. टेम्पोतून "मॅरेथॉनवाले गुरुजी!" म्हणून आरोळ्या. रस्त्याकडेच्या वस्त्यांवर बाया घागरी घेऊन उभ्या; पायांवर पाणी घालायच्या, कुंकू लावायच्या. गार पाणी तळव्याला लागलं की पुन्हा नवा दम यायचा. शेजारी एक पोरगं पळायला उतरलं, हात पुढं केला. मी मान हलवली. दुसरा उतरला. त्यालाही नाही म्हणालो. आजवर गावानं मला पोसलं, आज मी गावाची ज्योत एकट्यानं आणतो, असं काहीतरी डोक्यात चढलं होतं.

दाजी तेल घालायला जवळ आले. "गुरुजी, द्या आता फुडच्याला."

"अजून दमलो नाही दाजी."

"दमायची वाट बघायची आसती व्हय?"

पुढच्या वेळी ते नुसतं तेल घालून मागं सरले. तोवर ऊन चढलं होतं, डांबर मऊ व्हायला लागलं होतं, आणि उजव्या पायात बाहेरच्या बाजूला काहीतरी टोचत होतं. खडा असेल म्हणून मी पाय झटकत राहिलो. शेवटी दाजींनी गाडी अगदी माझ्या अंगाला लावली आणि ओरडले, "आरं सोड की आता! ज्योत काय तुझ्या एकट्याची हाय व्हय?"

टेम्पोतली पोरं हसली. मी गावाच्या कमानीपर्यंत ज्योत सोडली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मला जमिनीवर पाय टेकवता आला नाही.

धाराशिवच्या हाडांच्या डॉक्टरांनी फिल्म उजेडावर धरली. करंगळीच्या मागच्या हाडाला केसासारखी चीर होती. त्यांनी विचारलं, "शर्यतीचे बूट आहेत ना तुमच्याकडे?" मी आहेत म्हणालो. "मग ते कुठं होते?" ज्योत बूट घालून आणत नाहीत. हे त्यांनाही माहीत असावं, कारण त्यांनी पुढं विचारलं नाही. फिल्म पाकिटात घालत म्हणाले, "ही चीर भरेल. पण ही जागा वाईट आहे, इथं रक्त कमी पोचतं. हाड पक्कं व्हायच्या आत पुन्हा इथंच मोडलं, तर आत स्क्रू टाकावा लागेल. चालण्यापुरता पाय राहील, पळणं विसरा."

"आणि जानेवारीतली शर्यत?"

"मी नको म्हणेन," ते म्हणाले. मग माझ्या तोंडाकडं बघून म्हणाले, "तुम्ही ऐकणार नाही. तर एक करा. दुखणं नेमकं या जागी आलं, की थांबायचं. अंतर किती राहिलंय ते बघायचं नाही."

दसरा गेला, दिवाळी गेली. पायाला पट्टा बांधून मी शाळेत जायचो, खुर्चीवर बसून शिकवायचो. कळंबच्या रस्त्यावर पहाटे भरतीची पोरं पळायची. त्यांच्या पावलांचा आवाज ऐकू येऊ नये म्हणून मी खिडकी लावून घ्यायचो. इतक्या महिन्यांत अंगात भरलेलं रोज थोडं थोडं ओसरत होतं आणि मला ते कळत होतं. आक्का फोनवर म्हणायची, "आता तरी पळणं सोड, तुज्यासाठी पोरगी बघू." मागून दाजींचा आवाज यायचा, "लंगड्याला कोण देतंय? आदी पाय नीट हू दे."

पट्टा निघाला तेव्हा डॉक्टर म्हणाले, पाण्यात पळा, पायावर भार येणार नाही. पोहण्याचा तलाव आमच्या आसपास कुठला? दाजींनी जीप सोडल्यावर शेतात शेततळं केलेलं होतं, तेवढंच. पण शेततळं ही भीतीची जागा आहे. तळाला आणि कडांना प्लॅस्टिकचा कागद असतो, त्यावर शेवाळ धरतं. आत गेलेलं माणूस कडेला येतं, पण वर चढू शकत नाही. चांगले पोहणारे त्यात गेलेत.

दाजींनी ऐकलं, गोठ्यातून दावं आणलं. एक टोक माझ्या कमरेला, दुसरं त्यांच्या. पाठीला दोन रिकामे तेलाचे डबे बांधले, लहान पोरांना पोहायला शिकवताना बांधतात तसे.

"दाजी, तुम्हाला तर पोहता येत नाही."

"म्हणून तर वर बसतूय. तुमी बुडलाव तर तुमची आक्का मला जित्ता ठिवंल व्हय?"

मग दर शनिवारी दुपारी शाळा सुटली की मी लोहाऱ्याची गाडी धरायचो आणि रविवारी सकाळी शेततळ्यात पळायचो. पाय पाण्यात मारत राहायचे, जागच्या जागी, ऊन वर येईपर्यंत. दावं थोडं ताणलं की काठावर बसलेले दाजी लगेच दोन्ही पाय मातीत रोवायचे. बिडी पेटवलेली तशीच विझून जायची. मी पाण्यात असेपर्यंत त्यांचं दुसरीकडं लक्ष नसायचं. एकदा माझ्या पोटरीत गोळा आला, मी कडेला सरकलो आणि कागदावरून हात निसटला. क्षणभर डोकं पाण्याखाली गेलं. वर आलो तेव्हा दाजी दावं हाताला गुंडाळून मागं झुकले होते, चेहरा राखेसारखा. "तू भाईर ये," एवढंच म्हणाले. त्या दिवशी आम्ही लवकर घरी गेलो. पुढच्या रविवारी ते दावं घेऊन पुन्हा काठावर हजर.

डिसेंबरात मी जमिनीवर पळायला लागलो. आधी चालत, मग थोडं पळत, मग येडशीच्या रस्त्यावर अर्ध्यापर्यंत. पाय बोलला नाही. एका रविवारी मी स्टेशनापर्यंत पोचलो आणि चहाचा ग्लास हातात धरून मला रडू आलं. चहावाल्या मावशींना वाटलं चहा सांडून भाजलं. पण रोज सकाळी उठलं की आधी पलंगावर बसून अंगठ्यानं ती जागा दाबून बघायचो. दुखलं नाही तरी भीती जायची नाही; आज नाही तर उद्या, असं वाटायचं.

शर्यतीच्या आधी गावी गेलो, तर एसटीच्या थांब्यावर फ्लेक्स. त्यावर माझा फोटो, मागं मशाल, खाली ज्योत आणणाऱ्या मंडळाच्या सगळ्या पोरांचे गॉगल घातलेले फोटो. "आमचे मार्गदर्शक, मॅरेथॉनवीर गुरुजी यांचे हार्दिक अभिनंदन."

"अरे, अजून पळायचंय मला," मी म्हणालो.

मंडळाचा अध्यक्ष म्हणाला, "मग काय झालं? पळालाव की तेच कामाला यील. दुसरा कशाला छापायचा?"

त्या फ्लेक्सखालून मी मान खाली घालून एसटीत चढलो. तोवर शर्यत माझी आणि माझ्या पायाची होती.

पुण्याला दाजी सोबत आले. एवढं मोठं शहर त्यांनी आधी एकदाच पाहिलं होतं. मी त्यांना नकाशा दाखवला. त्यांनी तेहतिसाव्या किलोमीटरजवळचा एक पूल निवडला. "हितं उभारतो. हितून फुडं माणसात दम हाय का न्हाय ते कळतंय," म्हणाले.

पहिले पंचवीस किलोमीटर मी मोजून, राखून पळालो. हवा गार होती. माझ्यासारखेच कितीतरी लोक, कुणी बँकेतला, कुणी आजोबा. एकविसावर घड्याळ बघितलं तर सोलापूरपेक्षा सावकाश होतो, पण शर्यत पुरी करायच्या मुदतीत आरामात बसत होतो. अठ्ठाविसाच्या पुढं उजव्या बुटात काहीतरी हललं. खडा असेल, असं मनात आलं, आणि मी दचकलो. हाच विचार मी ज्योत हातात असताना केला होता.

पुढचे काही किलोमीटर मी पळत नव्हतो, ऐकत होतो. प्रत्येक उजव्या पावलाला विचारत होतो, तिथंच का? की जरा बाजूला? बाजूला आहे, बाजूलाच आहे. मग वाटायचं, आपण स्वतःला फसवतोय. मग फ्लेक्स डोळ्यांपुढं यायचा. मग डॉक्टरांच्या हातातली फिल्म. बत्तिसाव्याला पाणी घ्यायला थांबलो, पुन्हा पाय उचलला आणि कळ आली. करंगळीच्या मागं, नेमकी तिथंच.

पुलावर दाजी दिसले. गर्दीतही ओळखू आले. सगळे टाळ्या वाजवत होते आणि ते एकटे, टोपी हातात घेऊन, माझ्या पायाकडं बघत होते. मी लंगडत त्यांच्यापर्यंत गेलो.

"कुठं?" त्यांनी विचारलं.

"तिथंच."

मला वाटलं आता म्हणतील, सोड. ज्योतीच्या दिवशी ओरडले तसे ओरडतील, आणि मी थांबलो तर ते दाजींनी थांबवलं म्हणून होईल. किंवा म्हणतील, थोडं तर राहिलंय, उरकून टाका. काहीही म्हणावं. मी कठड्याला धरून उभा होतो, बाजूनं माणसं पळत जात होती, आणि ते गप्प.

"दाजी, काय करू?"

"तुमी गुरुजी हाव," ते हळू म्हणाले. "पाय तुमचा हाय. म्या कसं सांगू?"

मला त्यांचा राग आला. मी आणखी पाच-सहा पावलं पळालो. ती पावलं मला आजही आठवतात, कारण प्रत्येक पावलाला मी हाड मोडल्याचा आवाज ऐकायच्या तयारीत होतो. मग थांबलो. वळून आलो, फुटपाथवर बसलो आणि छातीवरचा नंबर काढायला लागलो. पिना निघेनात. दाजी खाली बसले आणि माझ्या बुटाची नाडी सोडायला लागले. मी नको म्हणालो. त्यांनी ऐकलं नाही.

परतीच्या गाडीत सोलापूर गेल्यावर मला एकच चिंता लागली होती, तो थांब्यावरचा फ्लेक्स. पण आम्ही उतरलो तर खांब मोकळे.

"फ्लेक्स?"

"पुन्याहून फोन केला पोरांना," दाजी म्हणाले. "कडब्याला झाकाय काय नव्हतं."

घरामागं गेलो तर कडब्याच्या गंजीवर तो अंथरला होता, कडेनं दगड लावून. मी उलटा होतो, पाय वर आणि मशाल खाली. आक्का बाहेर आली, गंजीकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं. "पाय दाखीव," म्हणाली. मग तिला हसू आवरेना, आणि मलाही.

दाजींना आभार म्हटलेले चालत नाहीत. समोर बोलायला गेलं की ते उठून बैलाला पाणी दाखवायला जातात, फोनवर बोललं की आक्काच्या हातात फोन देतात. म्हणून कळंबला आल्यावर, डॉक्टरांना भेटल्यावर, मी त्यांना पोस्टानं पत्र पाठवलं. ते असं:

"दाजी,

कळंबहून तुमच्या मेव्हण्याचा नमस्कार. पत्र बघून घाबरू नका, सगळं ठीक आहे. आक्काकडं द्यायच्या आधी तुम्ही स्वतः वाचा.

काल धाराशिवला जाऊन आलो. नवी फिल्म काढली. हाडाला सूज आहे, पण चीर उघडलेली नाही. डॉक्टर म्हणाले, अजून थोडं पळाला असता तर उघडली असती. आता विश्रांती, मग पुन्हा चालण्यापासून सुरुवात. शेततळ्यात पाणी असेल तोवर येईन. दावं जपून ठेवा.

त्या पुलावर मला तुमचा फार राग आला होता. तुम्ही थांब म्हणाला असता तर मी थांबलो असतो आणि जन्मभर मनात म्हटलं असतं की दाजींनी थांबवलं. पळ म्हणाला असता तर पळालो असतो. नंतर आक्का फोनवर म्हणाली, परतलो त्या रात्री मी झोपून गेलो, तुम्ही मात्र जेवलाच नाहीत. तेव्हा कळलं की गप्प राहणं तुम्हालाही सोपं गेलं नव्हतं.

मी बरोबर केलं का, हे मला अजून नीट कळत नाही. शाळेत पोरं विचारतात, सर, पदक? मी सांगतो, नाही मिळालं. एवढं म्हणून आधी फळ्याकडं वळायचो, आता वळत नाही. पुढच्या वर्षी पुन्हा नाव घालणार आहे. आक्काला तुम्हीच सांगा, मी सांगितलं तर ती पोरीचा विषय काढेल.

आता खरं मागणं. यंदाच्या ज्योतीला मला नळदुर्ग मागं पडल्यावर जळकोटपासून पुढचे दोन किलोमीटर द्या, जास्त नको. दोन झाले की मी पुढच्याला देईन. नाही दिली तर तुम्ही पळीनं मारा. मात्र त्याच्या पुढचा एक तुकडा तुम्ही घ्यायचा. तुमचे गुडघे दुखतात, माहीत आहे. पळू नका, चाला. मंडळाच्या पोरांना मी विचारलंय, ती टेम्पो हळू आणतील म्हणाली. मी बाजूनं गाडी चालवीन, तेलाचा डबा माझ्या मांडीवर राहील. तेल सांडणार नाही. इतकी वर्षं तुम्हाला घालताना बघितलंय.

याला नाही म्हणायला फोन करू नका, मी उचलणार नाही. आणि फ्लेक्स पावसाळाभर गंजीवरच राहू द्या.

तुमच्या कॉलेजच्या सीटवर बसलेला,
तुमचा मेव्हणा"